लाइट गेली तरी फर्नेस चालला पाहिजे

गॅसचा पुरवठा चालू आहे, फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, ठणठणीत आहे, आणि तरी घर गार पडत चाललंय. अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात लाइट गेली की हीच गत होते. ऊब गॅस देतो, पण तो पेटवायला, पेटला की नाही हे तपासायला आणि गरम हवा खोल्याखोल्यांत ढकलायला वीज लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये पंचेचाळीस लाखांहून जास्त घरांची वीज गेली. राज्य सरकारच्या मोजणीत २४६ माणसं दगावली, त्यातली बहुतेक थंडीने. ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळानंतर न्यू जर्सीत, आणि जानेवारी १९९८ च्या गोठणाऱ्या पावसाच्या वादळानंतर क्यूबेक-ओंटारिओत, वीज यायला कित्येक ठिकाणी दिवस नाही, आठवडे लागले.

फर्नेसची विजेची भूक मात्र लहान आहे. इस्त्रीला लागते तेवढी, बहुतेक वेळा त्याहून कमी. ‘सगळं घर चाललं पाहिजे’ हा हट्ट सोडला तर हजार-दीड हजार डॉलरांत काम होतं. लोक अडतात ते वॅटवर नाही. जनरेटर भरपूर मोठा असतो, फर्नेस पेटतो आणि पाच सेकंदांत विझतो. त्याचं कारण न्यूट्रल (करंट परत नेणारी पांढरी तार) आणि ग्राउंड (अर्थिंगची तार) यांच्या जोडणीत असतं. त्याबद्दल पुढे सविस्तर, कारण निम्मा त्रास तिथेच आहे.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो: इथे ‘गॅस’ म्हणजे नळीतून येणारा नैसर्गिक वायू, आणि जनरेटरमध्ये ओततो ते ‘पेट्रोल’, मग पंपावर त्याला काहीही म्हणोत.

फर्नेस वीज कुठे खातो

थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की कंट्रोल बोर्ड आधी छोटा इंड्यूसर पंखा सुरू करतो. तो धूर बाहेर ओढतो, आणि त्याला ५० ते १०० वॅट लागतात. ओढ पुरेशी झाली की प्रेशर स्विच मिटतो, म्हणजे त्याचं सर्किट जोडलं जातं, आणि इग्नायटर लाल तापू लागतो. जुन्या सिलिकॉन कार्बाइड इग्नायटरला या १५-३० सेकंदांत ४०० ते ६०० वॅट लागतात, नव्या नायट्राइडवाल्याला बरेच कमी. मग गॅस व्हॉल्व्ह उघडतो, ज्योत पेटते आणि फ्लेम सेन्सर ‘ज्योत आहे’ असं बोर्डाला कळवतो. तीसेक सेकंदांनी मोठा ब्लोअर सुरू होतो.

खरा खर्च या ब्लोअरचा. त्याच्या मोटरचे दोन प्रकार आहेत आणि आपल्याकडे कोणती आहे हे माहीत हवंच. जुनी पीएससी मोटर: शेजारी डब्यासारखा वेगळा कपॅसिटर दिसतो. अर्ध्या हॉर्सपॉवरची असेल तर चालताना ५०० ते ७०० वॅट, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या तिप्पट. नवी ईसीएम मोटर: टोकाला इलेक्ट्रॉनिक्सचा डबा आणि त्यात अनेक तारांचा जाड प्लग. ती हीटिंगच्या वेगाला साधारण १५० ते ४०० वॅट घेते आणि हळूहळू वेग धरते, त्यामुळे सुरुवातीचा झटका जवळजवळ नसतोच.

फर्नेसच्या दाराआड नेमप्लेट असते. तिच्यावरचे अँपिअर गुणिले १२० म्हणजे जास्तीत जास्त वॅट, रोजचा खर्च नव्हे. खरा आकडा हवा तर क्लॅम्प मीटर घ्या आणि फर्नेसच्या सर्व्हिस स्विचच्या डब्यातली फक्त काळी तार त्यात पकडा. सगळी केबल एकदम पकडली तर शून्य दिसेल, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. दहा मिनिटांचं एक पूर्ण चक्र बघा आणि इग्नायटर, ब्लोअर सुरू होतानाचा झटका आणि स्थिर चालणं असे तीन आकडे लिहून ठेवा. उघड्या तारांजवळ जायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून पाच मिनिटांत करून घ्या.

गरम पाण्याच्या बॉयलरवाल्यांचं नशीब जोरावर आहे. रेडिएटरमधून पाणी फिरवणारा साधा पंप ८०-९० वॅटचा असतो. दोन-तीन झोन धरून सगळं मिळून तीनशेच्या आत बसतं. ऑइल बर्नर असेल तर आणखी तीन-चारशे धरा. हीट पंप मात्र २४० व्होल्टवर चालतो आणि त्यात ५ ते १५ किलोवॅटच्या हीट स्ट्रिप (विजेवर तापणाऱ्या पट्ट्या) असतात. तो छोट्या जनरेटरवर चालवायचा विचार सोडा. तिथे एका खोलीपुरता, थेट बाहेर नळी जाणारा आणि वीज न लागणारा गॅसचा वॉल हीटर हेच शहाणपणाचं.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसमधून पाणी निथळतं आणि ते उपसणारा कंडेन्सेट पंप बऱ्याचदा वेगळ्या सॉकेटला लावलेला असतो. फर्नेसला वीज दिली आणि पंपाला नाही, तर तासा-दोन तासांत टाकी भरून तळघरात पाणी, किंवा सुरक्षा स्विच पडून फर्नेस बंद. उलट ह्युमिडिफायर आणि इलेक्ट्रॉनिक एअर क्लीनर फर्नेसच्याच तारेवर असतात; ते त्या दिवसांपुरते बंद करा, वॅट वाचतात.

कशावर चालवायचं

भारतातून आलेल्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार येतो इन्व्हर्टरचा. तिकडे लाइट गेली की पंखा, ट्यूब आणि टीव्ही आपोआप चालू राहतात, तसंच इथे. कल्पना चांगली आहे, पण तिकडचं यंत्र आणू नका. ते २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ देतं. इथल्या फर्नेसचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा आहे, तो जळेल आणि सोबत बोर्डही जाईल. त्याचा इथला भाऊबंद म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं पॉवर स्टेशन.

पॉवर स्टेशनचं गणित करूनच घ्या. दोन किलोवॅट-तासांच्या डब्यातून इन्व्हर्टरची गळती वजा जाता १.७ हाती लागतात. ईसीएम फर्नेस चालताना एकूण ४०० वॅट घेत असेल तर सव्वाचार तास ज्योत. थंडी बरी असेल आणि फर्नेस निम्मा वेळच चालत असेल तर घड्याळाचे साडेआठ तास. पीएससीवाला ७०० वॅट घेणारा असेल तर जेमतेम पाच. उणे १५ सेल्सिअसला फर्नेस निम्म्याहून जास्त वेळ चालतो, तेव्हा हे आकडे आणखी आक्रसतात. थोडक्यात, एका रात्रीची सोय होते, तीन दिवसांची नाही. त्याचा मोठा गुण असा की ते घरात ठेवता येतं, आवाज नाही, धूर नाही. बॅटरी शून्य सेल्सिअसखाली चार्ज होत नाही, म्हणून गॅरेजमध्ये नको, घरातच ठेवा. आणि साइन वेव्ह शुद्धच हवी. स्वस्त इन्व्हर्टर किंवा कॉम्प्युटरच्या यूपीएसमधून येणाऱ्या चौकोनी लाटेवर मोटर गुणगुणते, तापते आणि बोर्ड भलतेच एरर देतो.

हाताने जोडणी करणारे १२.८ व्होल्टच्या १०० अँपिअर-तासाच्या दोन लिथियम बॅटऱ्या समांतर लावून (२.५६ किलोवॅट-तास) त्यावर शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर-चार्जर बसवतात. तेव्हा लक्षात ठेवायचं की १२० व्होल्टच्या बाजूला हजार वॅट म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला नव्वदच्या वर अँपिअर. बोटाएवढी जाड केबल, लांबी कमीत कमी, आणि बॅटरीच्या अगदी जवळ १५० अँपिअरचा फ्यूज. फ्यूजशिवाय ही जोडणी म्हणजे आगीला आमंत्रण.

लांब पल्ल्याला पेट्रोलवरचा इन्व्हर्टर जनरेटरच. २,०००-२,२०० वॅटच्या वर्गातला एक जनरेटर सलग १,६०० ते १,८०० वॅट देतो, आणि अर्ध्या हॉर्सपॉवरपर्यंतचा ब्लोअर सहसा उचलतो. पाऊण हॉर्सपॉवरची पीएससी असेल तर ३,००० च्या वर जा. पाव लोडवर एका गॅलनला आठेक तास, म्हणजे दिवसाला तीन गॅलन. पाच गॅलनचे दोन डबे असले की तीन दिवस निभतात. याउलट डिपार्टमेंट स्टोअरमधला ७,५०० वॅटचा उघड्या सांगाड्याचा जनरेटर फर्नेससारख्या हलक्या लोडवरही तासाला अर्धा गॅलन पितो. दिवसाला बारा गॅलन, तेही पंपावर लाइट नसताना कुठून आणणार? मोठा घेऊन ठेवला की निश्चिंती, हा समज इथे उलटा पडतो.

प्रोपेनवर चालणारे ड्युअल फ्युएल जनरेटर चांगले, कारण प्रोपेन खराब होत नाही. पण कडाक्याच्या थंडीत २० पौंडांच्या सिलिंडरमधलं प्रोपेन हवं तितक्या वेगाने वायू होत नाही आणि इंजिन धापा टाकतं. मोठा सिलिंडर घ्या किंवा दोन जोडा.

गाडीवरूनही भागतं. साध्या गाडीच्या बॅटरीला हजार वॅटचा इन्व्हर्टर जोडला तरी उभ्या गाडीचा अल्टरनेटर जेमतेम पाच-सहाशे वॅटच सतत सोसतो. बॉयलर किंवा ईसीएम फर्नेसला पुरतं, पीएससीला नाही. इलेक्ट्रिक गाडीची गोष्ट वेगळी. ह्युंदाई आयोनिक ५ सारख्या गाडीचा व्ही२एल अडॅप्टर (गाडीच्या बॅटरीतून बाहेर वीज देणारा) १.९ किलोवॅट देतो, आणि ७७ किलोवॅट-तासांच्या बॅटरीतून रोज पाच खर्च केले तरी दहा दिवस आरामात जातात. दारात अशी गाडी असेल तर जनरेटरचे पैसे वाचवा.

घराबाहेर कायम बसवायचा, गॅसवर आपोआप सुरू होणारा स्टँडबाय जनरेटर हा शेवटचा पर्याय. बसवून दहा हजार डॉलरांच्या वरच जातो. ऑर्डर देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: गॅस मीटर पुरेल का? घरगुती मीटर बऱ्याचदा तासाला २५० घनफूट देतो. ८०,००० बीटीयूचा फर्नेस त्यातले ८० घेतो, वॉटर हीटर ४०, आणि २२ किलोवॅटचा जनरेटर पूर्ण लोडवर एकटाच तीनशेच्या वर. मीटर न बदलता बसवला तर नेमका थंडीच्या रात्री गॅसचा दाब पडून जनरेटर आणि फर्नेस दोन्ही बंद.

जोडणी

एक गोष्ट कधीही करायची नाही: दोन्ही टोकांना नर प्लग असलेली वायर बनवून ड्रायरच्या सॉकेटमधून घराला वीज देणं. मेन बंद करायचं राहिलं, तर तुमचे २४० व्होल्ट खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन हजारो व्होल्ट होतात आणि तार जोडायला चढलेला माणूस मरतो. शिवाय हातातल्या प्लगच्या उघड्या पिना जिवंत असतात.

फक्त फर्नेससाठी १५ अँपिअरचा एक-सर्किट ट्रान्सफर स्विच हा सगळ्यात सुटसुटीत मार्ग. त्याला तीन स्थिती असतात: लाइन, ऑफ, जनरेटर. एका वेळी एकाच बाजूची वीज आत येऊ शकते. तो फर्नेसच्या ब्रेकर आणि सर्व्हिस स्विचच्या मध्ये बसतो. बहुतेक गावांत परमिट लागतं; काही ठिकाणी स्वतःच्या घरापुरतं मालकाला काढता येतं, काही ठिकाणी लायसनवाला इलेक्ट्रिशियनच हवा. काम असं चालतं:

१. पॅनलमधला फर्नेसचा ब्रेकर बंद करा, आणि तारेत वीज नाही हे टेस्टरने तपासा. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून बघा, म्हणजे तोच मेला नाहीये हे कळेल.

२. नियमाने फर्नेसला स्वतंत्र सर्किट असायला हवं, पण जुन्या घरांत तळघराचे दिवेही त्याच तारेवर सापडतात. ब्रेकर पाडल्यावर आणखी काय बंद झालं ते बघा. दिवे वेगळे करा, किंवा त्यांचा लोड धरून चाला.

३. पॅनलकडून येणारी काळी तार स्विचच्या ‘लाइन’ला, फर्नेसकडे जाणारी काळी ‘लोड’ला. पांढरी आणि हिरवी तार उत्पादकाच्या आकृतीप्रमाणेच. १५ अँपिअरच्या सर्किटला १४ गेज, २० च्या सर्किटला १२ गेज तांब्याची तार.

४. काळी-पांढरी उलटसुलट झाली तर मोटर फिरते, इग्नायटर तापतो, सगळं छान दिसतं आणि ज्योत टिकत नाही. बऱ्याच बोर्डांना ध्रुवता उलटी चालत नाही.

५. कंडेन्सेट पंपाचं सॉकेटही स्विचच्या पुढच्या बाजूला घ्या.

६. स्विचवर ठळक लिहा: कुठली स्थिती कशासाठी. रात्री दोन वाजता टॉर्च धरून दुसरंच कुणी तो फिरवणार आहे, भारतातून आलेले आई-बाबाही असू शकतात. चिठ्ठी मराठीत असली तरी हरकत नाही.

फ्रिज, दिवे आणि इंटरनेटही चालवायचं असेल तर बाहेरच्या भिंतीवर ३० अँपिअरचा इनलेट, १० गेज तार आणि पॅनलवर इंटरलॉक हा पुढचा टप्पा. इंटरलॉक म्हणजे साधी सरकती पट्टी, पण ती मेन ब्रेकर आणि जनरेटर ब्रेकर एकाच वेळी चालू होऊ देत नाही. हे काम इलेक्ट्रिशियनचंच.

जनरेटरपासून घरापर्यंतची वायर हाही दुबळा दुवा असतो. १६ गेजच्या बारीक केशरी वायरीची १०० फूट लांबी घेतली तर १० अँपिअरला ८ व्होल्ट वाटेतच गळतात, आणि मोटर सुरू होताना ३० अँपिअर मागते तेव्हा २४. मोटरला मिळतात ९६ व्होल्ट. ती घुरघुरते, पण फिरत नाही. बाहेर वापरण्याची, १२ गेजची, तीन तारांची, ५० फुटांच्या आतली वायर घ्या. तिसरी पिन कापलेली असेल तर ती कचऱ्यात टाका.

पेटतो आणि विझतो: न्यूट्रल-ग्राउंडची गाठ

फ्लेम सेन्सर म्हणजे ज्योतीत उभी राहिलेली एक साधी धातूची काडी. बोर्ड तिला एसी व्होल्टेज देतो. ज्योतीतून करंट एका दिशेला जास्त वाहतो, म्हणून तिथे मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका बारीक डीसी करंट तयार होतो. तो बर्नरच्या पत्र्यातून ग्राउंडवर उतरतो आणि परत न्यूट्रलवर येतो. हे वर्तुळ पूर्ण झालं तरच बोर्ड म्हणतो ‘ज्योत आहे’.

घरात न्यूट्रल आणि ग्राउंड मेन पॅनलमध्ये एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून रोज अडत नाही. पण बहुतेक छोट्या इन्व्हर्टर जनरेटरांत आणि बऱ्याच पॉवर स्टेशनांत ते कुठेच जोडलेले नसतात. न्यूट्रल तरंगता असतो. फर्नेस घरापासून पूर्ण तोडून एक्स्टेन्शन वायरीने त्यावर लावला की वर्तुळ तुटतं. डोळ्यांसमोर निळी ज्योत जळतेय, आणि बोर्डाला ती दिसत नाही. काही सेकंदांत गॅस बंद, मग पुन्हा प्रयत्न, पुन्हा बंद, आणि तीन-चार वेळांनंतर लॉकआउट, म्हणजे बोर्ड प्रयत्नच सोडून देतो. बोर्डावरची एलईडी ज्योत नसल्याचा कोड लुकलुकवते. माणूस सेन्सर काढून घासतो, नवा आणतो, फरक शून्य. लाइट आल्यावर मेकॅनिकला बोलावलं तर त्याच्यासमोर फर्नेस शहाण्यासारखा चालतो.

नियम एकच: सगळ्या जोडणीत न्यूट्रल-ग्राउंडची गाठ एकाच ठिकाणी हवी. शून्य गाठी म्हणजे ज्योत टिकत नाही. दोन गाठी म्हणजे करंट ग्राउंडमधूनही वाहतो आणि जीएफसीआय (करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच) पडतो.

आपल्या जनरेटरमध्ये गाठ आहे का हे मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं. जनरेटर बंद, त्याला काहीही लावलेलं नाही. सॉकेटच्या लांब खाचेत एक टोक, खालच्या गोल भोकात दुसरं. बीप आला तर गाठ आहे, नाही आला तर न्यूट्रल तरंगता. मग पुढचं असं:

ट्रान्सफर स्विच फक्त काळी तार बदलत असेल आणि न्यूट्रल घराशी जोडलेलाच राहत असेल, तर घराच्या पॅनलमधली गाठ कामी येते. अशा स्विचला तरंगत्या न्यूट्रलचा जनरेटर अगदी योग्य, वेगळं काही करायचं नाही. इंटरलॉकचंही तसंच.

स्विच न्यूट्रलही तोडत असेल, किंवा फर्नेस सरळ वायरीने जनरेटरवर असेल, आणि जनरेटरचा न्यूट्रल तरंगता असेल, तर गाठ जनरेटरकडे द्यावी लागते. त्यासाठी बॉण्डिंग प्लग मिळतो: तीन पिनांचा साधा १५ अँपिअरचा प्लग, आत चंदेरी स्क्रू आणि हिरवा स्क्रू १२ गेजच्या तुकड्याने जोडलेले, पितळी स्क्रू रिकामा. तो जनरेटरच्या दुसऱ्या मोकळ्या सॉकेटमध्ये खोचायचा. त्यावर ‘फक्त जनरेटरसाठी’ असं लिहून तो जनरेटरलाच दोरीने बांधून ठेवा. घराच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये तो जायलाच नको. पॉवर स्टेशनच्या बाबतीत आधी मॅन्युअल बघा, कारण काही यंत्रं अशी जोडणी दिसली की स्वतःला बंद करतात.

तिसरा प्रसंग उलटा. बांधकामावर वापरतात तसला जनरेटर, किंवा फोर्ड एफ-१५० सारख्या ट्रकचं वीज-सॉकेट: आत गाठ आहे आणि जीएफसीआयही. ते न्यूट्रल न तोडणाऱ्या स्विचला लावलं की दोन गाठी होतात आणि जीएफसीआय क्षणात पडतो, फर्नेस सुरूही होत नाही. इथे न्यूट्रलही तोडणारा स्विच हवा. ग्राउंडची पिन कापून ‘सोडवलेला’ प्रश्न मात्र जीवघेणा असतो.

लाइट गेल्यावर

आधी थर्मोस्टॅट ऑफ. जनरेटर बाहेर घरापासून २० फूट, धुराचं तोंड घराकडे नाही, दार-खिडक्या-व्हेंटपासून लांब. पाऊस-बर्फ असेल तर उघड्या बाजूंचं छत्र चालेल. गॅरेज चालणार नाही, शटर पूर्ण उघडं असलं तरी नाही. पाच मिनिटं गरम होऊ द्या, इको मोड बंद ठेवा, कारण इको मोडमध्ये इंजिन मंदावलेलं असतं आणि ब्लोअरच्या झटक्याला व्होल्टेज पडतं. मग वायर लावा, स्विच ‘जनरेटर’वर, थर्मोस्टॅट ६२ फॅरनहाइटवर, पंखा ‘ऑटो’वर. ‘ऑन’वर राहिला तर ब्लोअर अखंड चालून पेट्रोल संपवतो.

पहिलं चक्र समोर उभं राहून बघा: इंड्यूसर, इग्नायटर, ज्योत, ब्लोअर, आणि त्यानंतर पाच मिनिटं. सगळं नीट असेल तर इको मोड चालू करून बघा. फ्रिज लावायचा असेल तर ब्लोअर स्थिर झाल्यावरच, दोघांचा झटका एकत्र नको. घर ५५ फॅरनहाइटच्या खाली जाऊ देऊ नका. त्याखाली बाहेरच्या भिंतीतले पाण्याचे पाइप धोक्यात येतात. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा आणि बाहेरच्या भिंतीकडचे नळ बारीक ठिबकत सोडा.

ज्योत पेटलीच नाही तर विजेकडे बोट दाखवण्याआधी बाहेर जाऊन बघा. जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसच्या पांढऱ्या पीव्हीसी नळ्या भिंतीतून बाहेर निघतात, त्या बर्फाने बुजल्या तर प्रेशर स्विच मिटत नाही आणि इंड्यूसर नुसताच फिरतो. निथळत्या पाण्याची नळी बाहेर जात असेल तर तीही गोठते, लक्षण तेच. लॉकआउट झाला असेल तर फर्नेसचा स्विच एक मिनिट बंद करून पुन्हा चालू करा.

कडक थंडीत जनरेटरचीही एक खोड असते. इंजिनच्या ब्रीदर नळीत ओल गोठते, आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर फेकलं जातं. तेल ५डब्ल्यू-३० सिंथेटिक वापरा, वाऱ्याकडच्या बाजूला आडोसा करा पण हवा कोंडू देऊ नका, आणि पेट्रोल भरताना दर वेळी तेलाची पातळी बघा. पेट्रोल इंजिन बंद करून, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ देऊन मगच भरायचं.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर बॅटरीवर चालणारा अलार्म हवा; मागची तारीख बघा, सहसा पाच ते दहा वर्षांत तो बदलावा लागतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, आणि घरातल्या एकाहून जास्त जणांना एकदमच होत असेल तर सगळ्यांना बाहेर काढा आणि ९११ ला फोन करा. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, ओव्हनचं दार उघडून शेक घेणं, यातलं काहीही घरात नको.

लाइट परत आली की लगेच उडी मारू नका, पहिल्या दहा मिनिटांत ती पुन्हा जाण्याचा संभव असतो. मग थर्मोस्टॅट ऑफ, स्विच ‘लाइन’वर, थर्मोस्टॅट परत चालू. जनरेटर लोड काढून दोन-तीन मिनिटं चालू द्या, पेट्रोलचा नळ बंद करा आणि कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा. दोन महिने पेट्रोल भरलेला कार्बोरेटर चिकटतो, आणि पुढच्या वादळात दोर ओढून ओढून खांदा दुखतो.

डब्यातल्या पेट्रोलमध्ये भरतानाच स्टॅबिलायझर घाला, डब्यावर तारीख लिहा आणि सहा महिन्यांनी ते गाडीत ओतून ताजं भरा. ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी फर्नेस खरोखर जनरेटरवर अर्धा तास चालवून बघा. ज्योत पाच सेकंदांत विझते का, हे त्या दिवशीच कळलेलं बरं.